बंद स्टुडिओतला आवाज

प्रिय कानसेन,

फोनवर मी तुला बेधडक 'घे' म्हणाले. कंपनी अजून दोन वर्षं तिकडेच ठेवून घेतेय, नव्या नाट्यगृहांची ध्वनियंत्रणा तुझ्या हाती देतेय, तर नाही कशाला म्हणायचं, असं मोठ्या समजूतदारपणे बोलले. तू म्हणालास, बरं, महिनाअखेरीला होकार कळवतो. फोन ठेवल्यावर आईंनी, म्हणजे तुझ्या मातोश्रींनी, माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि कुंड्यांना पाणी घालायला गेल्या. त्यांचं ते पाहणं तुला ठाऊक आहे. तेव्हापासून तुला लिहायचं मनात आहे, पण मुद्द्यावर यायला मला गावाला वळसा घालावा लागतो. तो आजही घालणार आहे, तेव्हा निवांत बस.

रेडिओ केंद्राची ती जुनी पेटी आठवते ना, दोन स्टुडिओंतला आवाज आलटून पालटून प्रक्षेपणाकडे पाठवणारी? तिचे रिले, म्हणजे विजेने उघडझाप करणारे स्विच, प्रत्येक वेळी टक्क करायचे आणि ते टक्क थेट लोकांच्या घरात जायचं. शिवाय आवाजाचा प्रवाह इतका नाजूक, की रिलेच्या टोकांवर धरलेली पुटं त्याच्याने साफ होत नाहीत, म्हणून सारखी खरखर. ती आपल्याकडे दुरुस्तीला आली. केंद्रप्रमुख म्हणाले, आत काही हलतच नाही असे सॉलिड स्टेट रिले बसवा. मी म्हटलं, हात्तिच्या, ते तर आपल्या खणात पडलेत, बेकरीच्या भट्टीच्या कामातून उरलेले. लावले की टेबलावर, आणि आईंचा रेडिओ जोडला. बातम्या देणाऱ्याच्या तोंडून नुसते स आणि श बाहेर यायला लागले, बाकी सगळं गिळलेलं. आई म्हणाल्या, हा बातम्या सांगतोय की मांजर हाकलतोय. तू असतास तर पोट धरून हसला असतास आणि मग दिवसभर मला 'भट्टीवाली' म्हटलं असतंस. भट्टीच्या रिलेला भट्टीएवढा प्रवाह लागतो, चिमूटभर आवाज त्याच्या खिजगणतीतही नसतो, हे मला कळत का नव्हतं? पण सांगणारं शेजारी कुणी नसलं की माणूस असा वेंधळेपणा करतो.

मग आवाजासाठीचे वेगळे मागवले. त्यांच्यात एक इवलासा दिवा लागतो आणि त्याच्या उजेडाने वाट उघडते. दिवा विझला की वाट बंद. ना टक्क, ना खरखर. ते बसवताना फार सुख वाटलं रे, आणि तुझी फार आठवण आली. तुझ्या स्टुलावर मी आता पक्कडी ठेवते, म्हणजे ते रिकामं दिसत नाही. तुझा चहाचा कप मात्र आई रोज धुऊन जागेवर ठेवतात.

आपली पद्धत मी मोडली नाही. मीटर बाजूला, हेडफोन कानाला, आवाज पूर्ण मोठा, डोळे मिटलेले, आणि एकाने बटण दाबायचं, दुसऱ्याने आवाज 'आहे' किंवा 'नाही' एवढंच म्हणायचं. बटणाला आईंना बसवलं. दुसऱ्या स्टुडिओची वाट बंद केल्यावर मी ऐकलं, पुन्हा ऐकलं आणि 'नाही' म्हणाले, अगदी छातीठोकपणे. पेटी केंद्रात बसली. चाचणीला निवेदिका माझ्या शेजारी हेडफोन लावून बसली होती. ती म्हणाली, "ताई, बंद स्टुडिओत कुणी किल्ल्या वाजवतंय का?" वाजवत होतं. तिला ते लख्ख ऐकू येत होतं. हे रिले बंद असतानाही उंच आवाज थोडे झिरपतातच. त्यांना जमिनीकडे, म्हणजे अर्थिंगला, वळवायला दुसरा रिले जोडावा लागतो. तेवढं मी तिथेच केलं, 'नाही' मात्र तिच्याकडून म्हणवून घेतलं. मला दोन्ही वेळा सारखंच ऐकू आलं होतं, म्हणजे काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे गेले. अगदी उंच स्वर गेलेत, दोन्ही कानांतले. पुढे बाकीचेही हळूहळू जातील. किती, कधी, ते त्यांनाही सांगता येत नाही. यंत्र मिळेल म्हणाले, पण यंत्रातून येतो तो सगळा आवाज यंत्राचा असतो, हे तुला मी काय सांगायचं. आईंना अजून सांगितलेलं नाही. फोनवर तुलाही सांगू शकले नसते, तू नुसतं 'बरी आहेस ना' विचारलं असतंस आणि मी 'हो' म्हणून मोकळी झाले असते. म्हणून हे पत्र. मी दिलेला होकार परत घेतेय. शहाणपणा पुरे झाला. दोन वर्षांनी तू आलास तर तुझा आवाज मला आजच्यासारखा ऐकू येईल याची खात्री नाही, आणि तो मला फोनमधून नको आहे. याच खोलीत, पाठीमागून, मी कामात असताना, उगीच काहीतरी बडबडत असलेला हवा आहे. कंपनीला नाही कळव. ये.

तुझीच,
अर्धीमुर्धी बहिरी