नीळकंठ आणि धुतलेली काच

अमरावती,
ता. १४ ऑक्टोबर १९३८

चि. वच्छला हिस,

अनेक आशीर्वाद. (मी तुझ्याहून तीन महिन्यांनी मोठी आहे, तेव्हा आशीर्वादच.) आत्याबाईंचा गुडघा आता कसा आहे? इकडे सर्व क्षेम. तुझं पत्र आणि फिल्म रजिस्टरनं पोचली. फोटो मोठा करून इथल्या हौशी छायाचित्रकारांच्या प्रदर्शनात तुझ्या नावानं द्यावा, असं लिहिलंस. नाव घालण्यापूर्वी काय घडलं ते क्रमानं लिहिते, कारण अकोल्यात तू ते निराळं सांगतेस असं कळतं.

१. नांदगावच्या मळ्यात विहिरीजवळच्या खुंटावर नीळकंठ पक्षी सकाळी आठच्या सुमारास बसतो, हे मी सहा रविवार पाहून ठरवलं.
२. दसऱ्याच्या सकाळी आठ वाजून चार मिनिटांनी मी त्याचा फोटो काचेवर घेतला.
३. आठ वाजून पाच मिनिटांनी तू तुझ्या डबा कॅमेऱ्यानं घेतलास.
४. माझी काच धुतली गेली.
५. तुझा फोटो आला.

चौथ्या कलमाला खुलासा हवा. काच धुणं, म्हणजे काचेवरच्या लेपात उमटलेलं चित्र बाहेर काढणं, हे मी नागपुरात क्ष-किरण खात्यात दोन वर्षं शिकले: अंधारी खोली, लाल दिवा, औषधाचं पाणी, तेही मोजून पासष्ट अंशांचं. मोठीआईला (म्हणजे तुझ्या पार्बतामामीला) मी घाईत एवढंच म्हटलं की ही काच धुवायची राहिली आहे, जपून ठेव; आणि न्याहारीला बसले. दसरा असल्यामुळे विळ्यापासून तराजूपर्यंत घरातली सगळी हत्यारं धुऊन पूजेला मांडलेली होती. माझंच एकटं पारोसं राहू नये म्हणून तिनं चौकटीतून काच काढली आणि कढत पाण्यानं, चुलीतल्या राखेनं दोन्ही बाजूंनी घासली. भिंगाला हळदीकुंकू लावलं, बरोबर मध्यभागी. (एवढा अचूक मध्य मला पट्टी लावूनही साधत नाही.) वर मलाच म्हणाली, "एका अंगाले कशी साय धरली होती बाई, निंगता निंगेना. आता पाय, आरपार दिसते."

ती साय म्हणजे नीळकंठ होता.

मोठेबाबा म्हणाले, "मंग दुसरा काढ ना. पक्षी का उडून गेला?" पक्षी उडूनच गेला होता. दसऱ्याला नीळकंठाचं दर्शन चुकू नये म्हणून वांग्याच्या वाफ्यातून अकरा माणसं हात जोडून धावत आली होती, आणि त्यांच्या पुढे तू होतीस.

आता तुझ्या फोटोविषयी. तू अंतर मोजलं नाहीस. उजेड मोजला नाहीस. कळ दाबताना तुझे डोळे मिटलेले होते, हे मी काळ्या फडक्याच्या कडेनं स्वतः पाहिलं. पक्षी लाखोळीच्या दाण्याएवढा आला आहे. त्यानं नेमके तेव्हाच पंख उघडले. माझ्यासमोर तो पूर्ण मिनिटभर पाटलासारखा बसून होता. डाव्या पंखाचं टोक हललं आहे. तो दोष आहे. तो दोष फार चांगला दिसतो. हे लिहायला मला अर्धा तास लागला.

आत्याबाईंना शिरसाष्टांग नमस्कार.

तुझी,
दुर्गा

ता. क. मोठीआई म्हणते, "वच्छलेचा हेवा करून राहिली तू." तसं काही नाही. तो डबा कॅमेरा मात्र केवढ्याला मिळतो ते कळव.

ता. क. दुसरा. फिल्म सुखरूप आहे. ती मी कपाटात कुलपात ठेवली आहे आणि 'धुणं' हा शब्द घरात कोणापुढेही काढलेला नाही. मोठी प्रत बाराव्या खेपेला मनासारखी आली. भिंतीवर लावून पाहिली. जेवताना सारखी समोर दिसते म्हणून काढून ठेवली.

ता. क. तिसरा. पक्षी तुझा. जागा, वेळ आणि प्रत माझी. फोटोखाली दोघींची नावं घालू का? तुझं आधी घालीन. प्रदर्शनात चित्रं गुरुवारपर्यंतच घेतात, तेव्हा बुधवार ता. १९ च्या आत उत्तर पाठव.