पौष संपेपर्यंत

११ डिसेंबर

पाहुणे गेले एकदाचे! कपबशा विसळून हात बधिर झालेत, पेन नीट धरता येत नाही.

पाहायला आले होते संतोषदादाला. कळवणचे लोक. मुलगीही बरोबर होती, योगिनी. आपल्या मळ्यापर्यंत गाडी येत नाही, म्हणून पाटापासून चालत आली, चिखलात सँडल हातात घेऊन. मला तेवढ्यावरच आवडली. दादा चौतिशीचा झाला. इतकी वर्षं जिथे जावं तिथे एकच — शेती करतो ना, मग नको. द्राक्षं सगळ्यांना हवीत, द्राक्षवाला कुणालाच नको! पण ही म्हणाली, "मळ्यात राहायचं तर बरंच की. गावात लय कटकट." दादाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. टोपी काढायला मात्र तयार नव्हता, टक्कल दिसेल म्हणून.

तिचा भाऊ समाधानही आला होता. खतांचं दुकान आहे त्याचं. माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत होता. मला वाटलं, सहज.

१३ डिसेंबर

सहज नव्हतं. कुसाआत्याचा फोन आला. हे स्थळ तिनंच आणलंय. ती कळवणला दिल्यापासून तिकडचंच बोलते. "पोऱ्या गुनी शे, दुकान शे, आजून काय पाहिजे?" — मला वाटलं दादाबद्दल काहीतरी चाललंय. नाही. ते योगिनीला द्यायला तयार आहेत, पण मला समाधानसाठी दिलं तरच. साटंलोटं. त्यांची आपल्याला, आपली त्यांना. एका मांडवात दोन्ही लग्नं.

आई पदर डोळ्याला लावून रडली, आनंदानं. अण्णा मोटर चालू करायला गेले. लाईट नव्हती.

मला काय वाटलं? काही नाही. पुन्हा तपासून पाहिलं, खरंच काही नाही. दात काढायच्या आधी हिरडीत सुई देतात, तसं.

१६ डिसेंबर

थंडी. दुसरं काही नाही.

१९ डिसेंबर

अमावस्या. उद्यापासून पौष. पौषात सोयरिकीचं बोलत नाहीत, म्हणून आत्याला आजच होकार हवा होता. आई म्हणाली, "पोरीला इचारते." विचारलं नाही. शेवटी अण्णांनीच आईच्या हातातून फोन घेतला. म्हणाले, "माघात बोलू," आणि बंद केला.

मला महिन्याची सुट्टी! पौष एवढा आजवर कुणालाच आवडला नसेल.

२३ डिसेंबर

घडांना पेपर लावतोय. या थंडीत मणी गुलाबी पडतात, मग व्यापारी नाक मुरडतो, म्हणून प्रत्येक घडाला जुन्या वर्तमानपत्राचा कागद गुंडाळायचा. मी वाचत वाचत लावते. "तू काय परीक्षेला बसली का?" — आई, दोन ओळी पलीकडून.

आज वधूवरांचं पान हाती लागलं. नोकरदारच हवा. शहरात स्वतःचं घर हवं. शेतकऱ्यांनी कृपया संपर्क करू नये. ते पान दादाच्या ओळीत जाऊ दिलं नाही, माझ्याच ओळीत खपवलं. तो फोनवर हसत होता. रोज बोलतो तिच्याशी. आणि आत्या समजते पौषात सगळे गप्प बसलेत!

दादाला असं हसताना मी फार वर्षांत ऐकलं नव्हतं.

२४ डिसेंबर

समाधानचा मेसेज — गुलाबाचं फूल आणि शुभ सकाळ. मीही पाठवलं. शुभ सकाळ. फुलाशिवाय.

२८ डिसेंबर

समाधानमध्ये वाईट काहीच नाही. दारू नाही, तंबाखू नाही. मला दुसराही कुणी आवडत नाही. असता तर बरं झालं असतं, सांगायला कारण तरी असतं. मला फक्त बदल्यात जायचं नाही.

आत्याच्या धाकट्या जावेचं असंच साटंलोटं होतं. तिची नणंद तिच्या भावाला दिलेली. नणंद तिकडे भांडून माहेरी आली, तर इकडे हिलाही माहेरी धाडलं. नवऱ्याशी हिचं छान चाललं होतं. पोरांची शाळा मध्येच सुटली. म्हणजे उद्या मी कळवणला कुणाला उलटून बोलले की इकडे योगिनीची बॅग दारात.

आणि आत्ता मी नाही म्हटलं की दादाचं मोडतं. इतकं साधं आहे की मला कुणी समजवायलाही येत नाही.

२ जानेवारी

पहाटे पारा पार खाली. मी आणि दादा बागेत धूर करायला उठलो. उसाचं पाचट पेटवायचं आणि वर ओलं गवत टाकायचं, जाळ नको, धूर हवा, म्हणजे बागेवर गोधडी घातल्यासारखं होतं. दादा शेकत बसला होता. मी सांगून टाकलं.

"दादा, मला समाधानशी लग्न नाही करायचं."

तो काटकीनं पाचट सारत राहिला. मग म्हणाला, "बरं."

"बरं काय?"

"मी सांगतो घरी, मलाच पोरगी पसंत नाय. तुझं नाव कशाला निघाया पाहिजे."

रडू आलं, धुराचं निमित्त होतंच. यानं निदान ओरडायचं तरी! ओरडला असता तर मीही भांडले असते. मला त्याचा राग आला आणि पोटातून माया आली, दोन्ही एकदम. माघापर्यंत थांब म्हटलं. तर म्हणाला, "योगिनीला आजच खरं सांगतो. तिला टांगून नाय ठेवायचं."

३ जानेवारी

दादा फोन घरात ठेवून बागेत गेला.

६ जानेवारी

शेजारच्या उसात बिबट्या आलाय. कुत्रं ओसरीवरून हलत नाही. दादा जेवत नाही. आईला वाटतं, बिबट्यामुळे.

९ जानेवारी

योगिनीचा फोन — मला! मी उरलेल्या घडांना पेपर लावत होते, कागदांचा गठ्ठा खाली ठेवला.

"तुला आमचा समाधान नको का कोनीच नको?"

"असं नको. बदल्यात नको."

पलीकडे मिक्सर चालू होता. तो बंद झाला. मग म्हणाली, "मला संतोष पाहिजे. मंग मी काय करू?"

मी सॉरी म्हटलं.

"सॉरी नको म्हनू. मला तर घरात कोनी इचारलंच नाय. तुला नाय म्हनायचं सुचलं तरी." ठेवून दिला.

१३ जानेवारी

भोगी. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी, लेकुरवाळी भाजी. जेवताना आत्याचा फोन. माघ लागला की दोन्ही साखरपुडे उरकू. आई हो हो म्हणत होती, गालात हसत होती. मला बघवेना. फोन झाल्यावर सांगितलं. दादानं डोळ्यांनी नको नको केलं, तरी माझ्याच तोंडानं सांगितलं.

आईनं ताट सरकवलं. "भावाचं वाटोळं करून तू कुठं सुखी व्हशील?"

अण्णा भाकरी मोडत म्हणाले, "तिला नाय म्हनायचं तर नाय."

"आन पोरगा? त्यो असाच राहू द्यायचा?"

  दादा हात धुवायला उठला आणि बराच वेळ परत आला नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. आई बोलत नाही. तिळगूळ माझ्या हातावर ठेवला आणि गोड बोल म्हणायचं टाळलं.

१७ जानेवारी

दुपारी योगिनी आली. एकटीच, एसटीनं, पाठीला सॅक. स्टँडवर समाधाननंच सोडलं म्हणे. घरी अजून कुणाला माहीत नाही. दादा हातात फवाऱ्याचा पाईप धरून उभाच.

"पौषात सून घरात घेत्यात का कुठं!" — आई. अण्णा म्हणाले, "लग्न माघात लावू. पोरगी दारात उभी हाय." आई बडबडतच भाकरतुकडा आणायला आत गेली. ओवाळून टाकला आणि माझ्याकडे वळली. चार दिवसांनी पहिल्यांदा बोलली, "बघती काय, दार अडव."

सून पहिल्यांदा आत येताना नणंदेनं दारात आडवं उभं राहायचं. तुझी मुलगी माझ्या मुलाला देशील का, असं विचारायचं. ती हो म्हणाली की मगच आत सोडायचं. सगळ्यांकडे हेच करतात, हसत हसत.

मी दारात उभी राहिले. योगिनी थांबली, हो म्हणायच्या तयारीत.

मी काही मागितलं नाही. तिची सॅक घेतली आणि बाजूला झाले.