दहावी सही

१ एप्रिल १९८७, बुधवार

नगरपालिकेच्या उमेदवारी अर्जावर सात सह्या. दहा लागतात, पुढच्या मंगळवारी दुपारी बाराच्या आत. कॉन्झर्व्हेटिव्हांना मतं देणारे या खोऱ्यात आहेत. गेल्या खेपेला मला एकशे बारा मिळाली! पण मत गुप्त असतं. अर्जावर सही करणाऱ्यांची नावं मात्र सभागृहाच्या दारावर लागतात. आमच्याच पक्षाच्या सरकारविरुद्धच्या संपात वर्षभर अर्धपोटी राहिलेल्या खाणकामगारांच्या बायका ती थांबून वाचतात.

२ एप्रिल

हेडिन न्हावी माझे केस कापता कापता म्हणाला, "मत देईन रे बाळा. सही नको मागूस. उद्या या खुर्चीत कोण बसेल?"

खरं आहे त्याचं. तरी डोकं फिरलं. अर्धवट कापलेल्या केसांनीच उठून आलो — शुद्ध मूर्खपणा.

४ एप्रिल

नऊ झाल्या! चॅपलमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या मिस बेनननी केली. "वडील असते तर घराबाहेर काढलं असतं मला," म्हणाल्या, आणि ठसठशीत सही ठोकली.

कार्डिफहून पक्षाच्या मेरेडिथचा फोन. नगरपालिका नीट लढवली तर पार्लमेंटच्या उमेदवारीसाठी माझं नाव पुढे जाणार. अर्जच बाद झाला तर, मी विचारलं. "तर मग आपलं दुकान सांभाळा, प्यू." अकरा वर्षं या पक्षासाठी लोकांचे उंबरे झिजवले! एका जागी बसवत नाही. दुकानातले खिळ्यांचे डबे तीनदा लावले.

५ एप्रिल, रविवार

चॅपलमध्ये आईशेजारी बसलो. विचारायची छाती झाली नाही. बाबा खाणीच्या धुळीने गेले, शवपेटीवर युनियनचा झेंडा होता. तिच्यापुढे हा कागद कुठल्या तोंडाने ठेवू? निघताना तिने केकचा डबा हातात दिला. "वाळलायस," एवढंच म्हणाली.

६ एप्रिल

अकरा दारं. एकही सही नाही.

७ एप्रिल, सकाळी साडेदहा

आता फक्त आईचं दार उरलं. निघतो.

७ एप्रिल, दुपारी

आईने चष्मा लावून नऊही नावं वाचली. मग म्हणाली, "मला नाही करता येणार. एका माणसाची सही एकाच अर्जावर चालते म्हणे. शनिवारी लेबरवाले आले होते, त्यांच्या अर्जावर केली."

"ते ठाऊकच होतं मला," मी म्हणालो.

"काय ठाऊक होतं? सगळं खोरं फिरलास, माझ्याकडे आला नाहीस. मला वाटलं, पहिली सही माझी मागशील."