खिडकीबाहेर दाबलेला पंप

अहो,

मी छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे जाते आहे. तुम्हाला उठवलं नाही, उठवलं असतं तर भांडणच झालं असतं.

काल तुम्ही तुमचा रोजचा श्वासाचा पंप खिडकीबाहेर दोनदा दाबलात, ते मी दारातून पाहिलं. वर मला म्हणालात, "घेतला गं." आणि मी वेडी, पंपावरचा उरलेल्या डोसांचा आकडा रोज उतरतोय म्हणून तीन महिने खूश. खिडकीला दम लागत नाही हो, तुम्हाला लागतो. जिन्यात मध्येच थांबून किल्ली शोधायचं नाटक करता, तेही कळतं मला.

पंपाने तोंड येतं, घसा बसतो, हे भावजींना सांगितलंत. मला सांगायला काय झालं होतं? घेतल्यावर खळखळून चूळ भरली की तो त्रास कमी होतो, असं औषधवाल्याने एका वाक्यात सांगितलं.

औषध लागू पडत नाही असं समजून डॉक्टरीणबाई आता डोस वाढवणार आहेत. त्यांना खरं सांगून येते. तुमची लाज जाईल, जाऊ दे.

चहा थर्मासमध्ये आहे, पाण्याचा पेला बेसिनपाशी. सकाळचा पंप घ्या. आज पाहायला मी नाही, तरी घ्या.