टाकीच्या तोंडाशी

सोमवार, ४ फेब्रुवारी

आले एकदाची. दोन पिशव्या, एक वळकटी आणि मी. नातीनं दारातच विचारलं, आज्जी, गुडघे कसे आहेत? म्हटलं, दोन्ही जागेवर आहेत, तू चहा टाक.

हिला मी भिंगरी म्हणते. लहानपणी एका जागी ठरायची नाही. तिची आई, म्हणजे माझी लेक, ही शाळेत जायच्या आधीच गेली. तेव्हापासून ही माझ्या जिवावर वाढली आणि माझाच जीव खाऊन वाढली. आता या रॉकेटच्या कारखान्यात मोठी बाई झालीय. कामगारांच्या नाकात, कानात, कातडीवर काय जातं ते मोजायचं आणि त्यावरून साहेबांशी भांडायचं, हे तिचं काम. भांडायचा पगार मिळतो हे आधी कळलं असतं तर आज माझा बंगला असता.

मलाही काम लावून दिलंय. बसायचं काम! शिवाय रोज लिहायचं: काय वास आला, डोकं दुखलं का, काय वेगळं दिसलं. सगळ्याच कामगारांना तिनं हे लावलंय. माझं अक्षर चौथीत सोडलं तिथेच आहे. वाचणाऱ्यानं आपले डोळे सांभाळावेत.

खोली छान आहे. खिडकीतून नळच नळ दिसतात, जाडे, बारीक, वळसे घेतलेले. गाढ झोप लागणार.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

काम बघितलं. रॉकेटची इंधनाची टाकी आडवी निजवलेली आहे. आत दोन बिऱ्हाडं राहतील आणि भांडतीलही, एवढी. एका अंगाला गोल तोंड, वाकून आत जायचं. आत वेल्डर आणि घासणारे असतात तेव्हा पंख्यानं चांगली हवा सोडतात. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर आले की आत नायट्रोजन सोडतात, पत्र्याला ओल धरू नये म्हणून. तोंडातून नळ गेलेले असतात, त्यामुळे झाकण लागत नाही. नुसती जाळी लावतात.

भिंगरीनं समजावलं की नायट्रोजनला वास नाही, रंग नाही. विषही नाही. पण त्यात श्वास घेण्याजोगं काहीच नाही. दोन श्वासांत माणूस आडवा, आणि त्याला ओढायला धावलेला त्याच्या अंगावर आडवा. म्हणून तोंडाशी एक राखण बसवतात. आत जाणारानं आपला बिल्ला माझ्या हातात द्यायचा, बाहेर आल्यावर परत न्यायचा. माझ्या हातात बिल्ला नाही, म्हणजे आत माणूस नाही. आणि आत काहीही दिसो, कोणी कितीही ओरडो, राखणीनं आत जायचं नाही. लाल बटण दाबायचं. पाठीवर हवेची नळकांडी बांधलेले लोक धावत येतात.

मुकादम म्हणाला, मावशी, तुमच्या वयाचं माणूस मुद्दाम घेतलंय, तरणी पोरं उडी मारतात. म्हटलं, बरं केलंत, मला उठवायलाच दोघं लागतात. हसला. मग म्हणाला, आधीचे दोघं गेले. नोकरी सोडून का, असं विचारलं तर त्याला एकदम कुठलंसं काम आठवलं.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी

काही दुखत नाही. पाठीमागे पंखा असतो, गळ्याशी भिंगरीनं एक डबी अडकवलीय. हवा बिघडली की ती केकाटते. अजून गप्प आहे. घरातली सगळी अशी असती तर!

पलीकडच्या शेडमधून कधी कुजक्या मासळीसारखा वास येतो. ते इंधन. भिंगरी म्हणते, वास आला म्हणजे आधीच उशीर झाला. त्यावरून आज तिनं मुकादमाला सगळ्यांसमोर सोलून काढला. त्याच्या शेडचं काम बंद. मी मान खाली घालून हसत होते. कोणाची नात आहे!

मंगळवार, १२ फेब्रुवारी

जेवणाची सुट्टी. सगळे बिल्ले परत दिलेले, टाकीत नायट्रोजन. आतून वेल्डरचा खोकला ऐकू आला. रोज ऐकते तोच, शेवटी शीळ वाजणारा.

वेल्डर माझ्या शेजारी बसून डबा खात होता.

त्याच्या हातातला घास हातातच राहिला. म्हणाला, मावशी, मी खोकलो नाही. म्हटलं, मला डोळे आहेत, जेव गुपचूप. तो डबा तसाच बंद करून गेला. मी टाकीकडे वळून म्हटलं, खोकून घे बाबा, इथे औषध मिळायचं नाही.

बुधवार, १३ फेब्रुवारी

झाडूवालीनं सांगितलं. आधीचे दोघं नोकरी सोडून गेले नाहीत, आत गेले. पहिला आतून आईची हाक ऐकून धावला, आई हजार कोस लांब. दुसरा बायकोसाठी. ती त्याचा डबा घेऊन त्याच्या मागे उभी होती, त्याचा शर्ट धरून ओरडत होती, अरे, मी इथे आहे! त्यानं वळून पाहिलं नाही. शर्ट फाटून तिच्या हातात राहिला. दोघांच्याही हातात कोणाचा बिल्ला नव्हता.

घरी आल्यावर भिंगरीला विचारलं, हे मला आधी का नाही सांगितलंस? तिला वाटत होतं की हवा कमी पडली की मेंदू भलतंच ऐकवतो, म्हणून तिनं पंखा लावला, डबी दिली. तिच्या मते प्रश्न मिटला होता. डबी केकाटली नाही गं, मी म्हटलं. मग तिनं ताट बाजूला सारलं.

नोकरी सोड म्हणाली. का म्हणून? मी उठले की तिथे कोणीतरी तरणं बसवतील. मुकादमाला काय, खुर्ची भरली म्हणजे झालं.

शनिवार, १६ फेब्रुवारी

आज जाळीमागे हात दिसला. आई, हात दे, म्हणे. बिचारा, दमलेला आवाज.

मला मुलगा नाही. घर चुकलास, म्हटलं.

हात बराच वेळ तसाच राहिला. मग आत गेला. मागे सरल्यासारखा नाही, विझल्यासारखा.

मंगळवार, १९ फेब्रुवारी

आज माझी लेक. आई गं, इकडे ये ना, किती दिवस झाले.

लिहितेय ते खरं लिहितेय. पाय जमिनीला टेकले होते, उठायच्या बेतात होते.

पण माझी लेक उभ्या जन्मात माझ्याशी इतकं गोड बोलली नाही. आम्ही दोघी म्हणजे विस्तव आणि वारा. तिनं हाक मारायची तर आधी पातेलं आपटायची. म्हटलं, सोंग आणायचं तर नीट शिकून आण, मेल्या.

मग आतून पातेलं आपटल्याचा आवाज आला.

गुरुवार, २१ फेब्रुवारी

भिंगरीचा आवाज. आज्जी, पाय अडकलाय. आज्जी, दम लागतोय गं.

हातात बिल्ला नाही. हातात बिल्ला नाही. हेच म्हणत राहिले. फोन लावला. तिनं ऑफिसमधून उचलला. एका कानात ही, हॅलो, आज्जी, काय झालं? दुसऱ्या कानात ती, आज्जी, दम—

फोन टाकीकडे धरला. भिंगरीनं स्वतःला मरताना ऐकलं.

मग साहेबांकडे गेली. नळ काढा, झाकण लावा, काम थांबवा. ते म्हणाले, रॉकेटची तारीख ठरलीय. ती म्हणाली, मग मीही ठरवलंय. पुढच्या आठवड्याच्या परवान्यावर सही न करता बसलीय. तिच्या सहीशिवाय सोमवारपासून कोणी आत जाऊ शकत नाही. सोमवारी झाकण लागणार.

म्हणजे मधे दोनच दिवस. बसते. मला काय करणार आहे ते?

शुक्रवार, २२ फेब्रुवारी

आज गप्प.

शिव्या घातल्या, तरी गप्प. आवडत नाही मला. गप्प बसलेलं पोर काहीतरी फोडत असतं—

मी आतापर्यंत काय काय बोलले त्याच्याशी. रोज. माझ्या आवाजात. शिकून आण, असं मीच म्हटलं—

शनिवार, २३ फेब्रुवारी, सकाळ

भिंगरीला सांगितलं, आज तिकडे फिरकू नकोस. का ते सांगितलं. माझा आवाज ऐकलास तरी नाही. शपथ घातली. हो म्हणाली. माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली.

दुपार

सुट्टी. सगळे बाहेर. बिल्ले दिले.

आतून मी ओरडतेय. माझाच आवाज. भिंगरे, पडले गं, भिंगरे— गुडघ्याची कळ आली की मी करते तसं कण्हणंसुद्धा. हुबेहूब.

ओरड मेल्या. घसा फोड. ती यायची नाही.

लाल बटण दाबलं. नळकांडीवाले निघाले असतील. लांबून यावं लागतं त्यांना—

कसली शपथ. शेडच्या टोकाला दिसतेय. धावतेय. आले आज्जी, आले—

अगं मी इथे. इथे! हात हलवला. समोर आहे मी तिच्या, उजेडात. बघत नाही. माझ्या खांद्यावरून पाठीमागे बघतेय—

शर्ट फाटला होता. शर्ट धरायचा नाही. कंबर धरायची. कंबरेला मिठी घालून खाली बसायचं. माझं वजन कशासाठी दिलंय देवानं—

आतून हसू. माझंच.

हस. ही पोर मी एकदा वाढवलीय, तुला मिळायची नाही. आली— लिहायचं पुरे, दोन्ही हात लाग—