दिसेल तेवढंच बोला

२ नोव्हेंबर २०२५, रविवार. सकाळ.

रिटायर होऊन आठ महिने. या काळात फोन वाजला तो लोनवाल्यांचाच. आता समाजाला काहीतरी परत द्यायचं. शालनला सांगितलं. म्हणाली, आधी शेजाऱ्यांची शिडी परत द्या. बायकोला मोठे विचार सांगू नयेत.

नेरूळला अपंग कलाकारांचा एक नाटकाचा ग्रुप आहे. व्हॉलंटिअर पाहिजेत असा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर आला. बाकीच्यांनी नुसते जोडलेले हात टाकले. म्हणजे मेसेज माझ्यासाठीच होता.

संकल्प: जायचं. दिग्दर्शन हातात घ्यायचं. नम्र राहायचं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

गेलो. पार्किंग मिळेना म्हणून हॉलच्या दाराशी एक सिमेंटचा उतार होता, त्यावर गाडी लावली. दोनच मिनिटं. ओळखीपाळखीत पाऊण तास गेला, त्याला मी काय करणार?

ग्रुप चालवते नमिता. तिला खुणांची भाषा येते. ईश्वरीला ऐकू येत नाही, ती नट. सकिनाला दिसत नाही, ती नाटकं लिहिते आणि बसवते. बंडू अठ्ठावीस वर्षांचा, डाउन सिंड्रोम आहे. भेटल्या भेटल्या त्याने मला सही दिली. मी मागितली नव्हती.

ऋषी व्हीलचेअरवर असतो, साउंड बघतो. तो उशिरा आला. विचारलं तर म्हणाला, रॅम्पवर कुणीतरी पांढरी गाडी लावलीय, चार जणांनी खुर्चीसकट उचलून आत आणलं. काय लोक असतात! मी गुपचूप जाऊन गाडी काढली.

परिचय दिला: हौसेराव भोईटे. चौऱ्याण्णव साली ऑफिसच्या आंतरशाखा नाट्यस्पर्धेत अभिनयाचं उत्तेजनार्थ. सकिनाने विचारलं, काका, स्पर्धक किती होते? मुलगी जरा कडू आहे. परिस्थिती करते माणसाला.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

माझी संहिता वाचली. तीन अंकी. नायक अंध, शेवटी दृष्टी येते. भूमिका अर्थात मी करणार. कालपासून घरी गॉगल लावून, डोळे मिटून सराव चालू आहे. शालनची दह्याची बरणी फुटली. कलेत नुकसान होतंच.

वाचन संपल्यावर शांतता. मी समजलो, भारावले. सकिना म्हणाली, काका, तुमच्या नाटकात शेवटी सगळे बरे का होतात? म्हटलं, आशावाद. ती म्हणाली, आम्ही आहोत तसे बरे आहोत.

त्यांचं स्वतःचं नाटक आधीच बसतंय. म्हणजे मला कुणी विचारलंच नाही. नाटकात एक सोसायटी, तिच्या रॅम्पवर एक माणूस रोज गाडी लावतो, त्यावर मीटिंगा होतात, चहा होतो, ठराव होतात, गाडी तिथेच. त्या माणसाचं काम ईश्वरी करते. मी स्पष्ट सांगितलं की हे पात्र पटत नाही, इतका निर्लज्ज माणूस खऱ्या आयुष्यात नसतो. नमिताने हे खुणांनी ईश्वरीला सांगितलं. सगळे बराच वेळ हसत होते. कशाला ते कळलं नाही, पण वातावरण मोकळं केलं एवढं खरं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

ईश्वरीला अभिनयाच्या टिप्स दिल्या. मोठ्याने आणि सावकाश बोललो. नमिता म्हणाली, ओरडून उपयोग नाही काका, ती ओठ वाचते आणि तुमचे ओठ मिशीत आहेत.

संकल्प: मिशी कमी करणे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

मिशी हा व्यक्तिमत्त्वाचा भाग आहे. ईश्वरीलाच सवय होईल.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज खरं काम सापडलं!

नाटकाला अंध प्रेक्षकही येतात. त्यांच्या कानाला हेडफोन. मागे काचेच्या केबिनमध्ये एक जण माइकवर बसतो आणि स्टेजवर काय दिसतंय ते संवादांच्या मधल्या जागेत सांगतो. कोण आलं, कुठे बसलं, हातात काय आहे. म्हणजे अख्खं नाटक एका माणसाच्या तोंडून! अशी भूमिका चौऱ्याण्णव साली असती तर उत्तेजनार्थवर भागलं नसतं.

हे काम बंडू करणार होता. चार महिने तयारी करतोय म्हणे. मी नमिताला बाजूला घेतलं. म्हटलं, इतकं जबाबदारीचं काम, त्या मुलाला झेपेल का? माझ्यासारखा कसलेला आवाज हाताशी असताना? बंडूच्या कानावर गेलंच. तो खाली बघत बसला. मग म्हणाला, काकांना करू दे, काका रिकामेच असतात. मनाने मोठा आहे, शब्द चुकतात एवढंच.

सकिनाने नियम सांगितला. दिसेल तेवढंच बोला, अर्थ आम्ही लावतो.

सोप्पं आहे.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

पहिला सराव. सकिनाने हेडफोन लावला. ईश्वरी आली. मी म्हटलं, ईश्वरी येते, तिच्या चालीत युगायुगांची वेदना आहे. सकिनाने हेडफोन काढला. म्हणाली, काका, ती गाडी पार्क करून येतेय, किल्ली फिरवत. वेदना कसली?

पुन्हा केलं. या वेळी फक्त दिसलं तेच सांगितलं. शिवाय खुर्ची चुकीच्या जागी आहे, मी असतो तर डावीकडे ठेवली असती, हेही सांगितलं, कारण ते दिसतच होतं. तेवढ्यात दोन संवाद होऊन गेले. सकिना म्हणाली, माझंच नाटक मला ऐकू येईना.

नव्या प्रकाराला सुरुवातीला विरोध होतोच.

३० नोव्हेंबर, रविवार

संकल्प: आवाज जपणे. तळलेलं बंद, तिखट बंद, सकाळी ज्येष्ठमध.

दुपार. करावे गावातून शालनने ताजे बोंबील आणले. तळले. मासळीचा अपमान करू नये. ज्येष्ठमध संध्याकाळी घेईन.

९ डिसेंबर, मंगळवार

रंगीत तालीम. मी पेटलो होतो. मीटिंगच्या सीनला आमच्या सोसायटीचे तीन किस्से आपोआप आले.

नंतर सकिना शेजारी येऊन बसली. चांगल्या शब्दांत म्हणाली, काका, रागावू नका, प्रयोगाला बंडू बसू दे, तुमी पुढच्या वेळी. माझं तोंडच पडलं. म्हटलं, ऑफिसच्या जुन्या लोकांना सांगून झालंय, साडूला सांगितलंय, आता मागे कसा फिरू? आवाज जरा कापला. आवाजाची फेक तपासत होतो.

शेवटी ऋषी म्हणाला, राहू दे सकिना, काका बसतील केबिनमध्ये. टेन्शन नाय, साउंडचं मी बघतो.

तांत्रिक माणूस असावा तर असा.

१४ डिसेंबर, रविवार. प्रयोग झाला. अंगावर अजून काटा आहे.

हॉल फुल्ल. ऑफिसचं कुणी आलं नाही, साडूला सर्दी. शालन पुढे बसली होती. तिला दिसतं, त्यामुळे हेडफोन नाही. तिचं नुकसान.

काचेच्या केबिनमध्ये मी एकटा, समोर माइक. सुरुवातीलाच प्रेक्षकांचं स्वागत केलं, माझा परिचय दिला, आणि मग थांबलोच नाही. एका ठिकाणी तर मला स्वतःलाच भरून आलं. नाटकही बरं झालं. शेवटी त्या गाडीवाल्याचा पाय मोडतो आणि त्याला घरात जायला रॅम्प पाहिजे असतो, पण रॅम्पवर त्याचीच गाडी. ईश्वरी प्लास्टरमध्ये पाय घालून आपल्याच गाडीकडे नुसती बघत राहते. हॉल हसून आडवा. ऐकू न येणारे प्रेक्षक दोन्ही हात वर करून हलवत होते, ती त्यांची टाळी. मी केबिनमधून वाकून स्वीकार केला.

एक तक्रार. केबिनच्या बाहेर ऋषीच्या टेबलाशी बंडू बसला होता आणि पूर्ण प्रयोगभर त्याचं तोंड चालू होतं. काचेमुळे ऐकू येत नाही, पण सारखं काहीतरी खात असणार. थिएटरची शिस्त म्हणून काही आहे की नाही? नमिताशी बोलणार.

पण आनंद! बाहेर अंध प्रेक्षक नमिताला सांगत होते, वर्णन झकास, एक शब्द जास्तीचा नाही. एक बाई म्हणाल्या, पोराचा आवाज काय गोड आहे हो. पोराचा! एकसष्टाव्या वर्षी! ज्येष्ठमधाचा गुण. (घ्यायचं राहिलं होतं, पण घरात आणून ठेवलं होतं.)

शालनला सगळं सांगितलं. तिने विचारलं, एक शब्द जास्तीचा नाही, असं तुमच्याबद्दल म्हणाले? लग्नाला चौतीस वर्षं झाली की कौतुकाची सवय जाते.

२२ डिसेंबर, सोमवार

बातमी! उरणजवळच्या मोऱ्याचे हसनभाई म्हणून एक गृहस्थ, जन्मापासून अंध, प्रयोगाला आले होते. त्यांनी नमिताला फोन केला. त्यांना वर्णन करणाऱ्याचा सत्कार करायचा आहे. घरी, वाडीतली माणसं बोलावून. अख्ख्या ग्रुपला जेवणाचं आमंत्रण.

मीच फोन केला नमिताला. ती अडखळत होती. म्हणाली, काका, तुम्ही नाही आलात तरी चालेल, लांब पडेल. म्हटलं, अगं सत्कारमूर्तीच नाही तर सत्कार कुणाचा? भेटून बोलू म्हणाली. संकोची मुलगी आहे.

संकल्प: भाषण पाच मिनिटांचं. नम्र. शाल एकदा नको म्हणायची, मग घ्यायची.

३ जानेवारी २०२६, शनिवार

सराव. शालनने सोलापुरी चादर माझ्या खांद्यावर टाकली, मी नको म्हटलं, ती घेऊन गेली. पुन्हा बोलावून समजवावं लागलं. सिल्कचा कुर्ता इस्त्री करून आला. नमिताचे तीन मिस्ड कॉल. बहुतेक शुभेच्छा.

४ जानेवारी, रविवार. रात्र.

लिहायला नको वाटतंय. पण नेम तो नेम.

ट्रॅव्हलरने गेलो. गाडीत नमिता दोनदा म्हणाली, काका, एक सांगायचंय. मी म्हटलं, आधी भाषण ऐक. ते उरणपर्यंत पुरलं.

हसनभाईंचं घर जेट्टीच्या जवळच. ओटीवर वीस-पंचवीस माणसं, मध्ये खुर्ची. मी जाऊन बसलो. कुणी बस म्हटलं नव्हतं, पण खुर्ची एकच होती. हसनभाईंच्या भाचीने त्यांना माझ्यापर्यंत आणलं. हातात हिरवी शाल, नारळ. मी ठरल्याप्रमाणे म्हटलं, अहो, कशाला, कशाला.

हसनभाई थांबले. शाल मागे घेतली. म्हणाले, ह्यो नाय. त्या पोराचा आवाज मना ठाऊक हाय. ह्यो तर सुरवातीला स्वागत-बिगत करीत होता तो मानूस. भाची म्हणाली, मामू, हेच बसलेत. ते म्हणाले, बसू दे. पन ह्यो नाय.

तेवढ्यात मागून बंडू म्हणाला, मी आहे, मी! हसनभाईंचं तोंड फुललं. आवाजाच्या रोखाने सरळ चालत गेले आणि बंडूच्या खांद्यावर शाल टाकली. बंडू एकदाही नको म्हणाला नाही. सगळ्यांना सह्या दिल्या. मी खुर्चीवरून उठलो. नारळ कुणीतरी माझ्याकडे धरायला दिला.

जेवण काय होतं आठवत नाही.

परतताना ऋषीला विचारलं, माझा माइक कधी बंद केलास? म्हणाला, तुमच्या परिचयानंतर लगेच. दुसरा माइक बंडूकडे दिला. म्हणजे दीड तास मी काचेला सांगत होतो.

विचारलं, मग मला बोलला का नाहीत? शेवटी सकिनाच म्हणाली, तुमी खूश होता काका. वाटलं, काय बिघडतंय, काकांनापण वाटू दे आपण काहीतरी करतोय. मग म्हणाली, आमच्याशी लोक आयुष्यभर असंच वागतात. आम्हाला सवय आहे. तुम्हाला पहिल्यांदाच झालं ना, म्हणून लागलं.

लागलं. खरंच लागलं. पुढे एक शब्द बोललो नाही. बंडू शाल पांघरून माझ्याच खांद्यावर डोकं टाकून झोपला.

घरी आलो. शालनने विचारलं, शाल कुठाय? म्हटलं, बंडूला दिली. ती म्हणाली, बरं केलंत. आणखी काही विचारलं नाही. पान वाढलं. पोळीवर तूप नेहमीपेक्षा जास्त घातलं, भाजी आग्रहाने वाढली, मधेच पाठीवरून हात फिरवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझं मोठेपण तिच्या लक्षात आलं असं वाटलं. वाईटातून चांगलं निघतं ते असं.

आत्ता ती आत ओटा पुसतेय. तिथूनच म्हणाली, अहो, नमिता सांगत होती, बंडू ती शाल अंगावरून काढायलाच तयार नाही म्हणे.

विचारलं, नमिता कधी भेटली तुला?

म्हणाली, दुपारीच फोन आला होता तिचा, हसनभाईंकडून, तुम्ही परत निघायच्या आधी.