बुटकीचा वर्ग

१२ जून

चि. बुटकीस, अ. उ. आ.

पन्नाशीला टेकलेली तुझी ताई पुन्हा विद्यार्थिनी झाली आहे. हसून घे. डिजिटल अध्यापनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम घेतलाय. पहिल्या तासाला दहा मिनिटं पोटतिडकीने बोलले, माइक बंद! माझ्या लेकीच्या वयाची मंडळी निमूटपणे माझे ओठ बघत होती.

आता प्रकल्प म्हणून अपूर्णांकांचे वीस व्हिडिओ करायचेत. डोकं चालत नाही. तू कागदाच्या घड्या घालून शिकवतेस, ते सविस्तर लिहून पाठव. मुलं कुठे अडखळतात, तेही. गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस.

प्रेम आहेच, पत्राला मात्र उशीर नको.
तुझी ताई

२ जुलै

ति. ताईस, शि. सा. न.

माइकचा किस्सा मी शिक्षकखोलीत वाचून दाखवला, रागावू नकोस. सोबत अकरा पानं लिहून जोडली आहेत. माझ्या वर्गातली एक मुलगी ठामपणे सांगते की पाव हा अर्ध्यापेक्षा मोठा, कारण चार दोनापेक्षा मोठे. मी तिला चूक म्हणत नाही. कागद तिच्या हातात देते आणि गप्प बसते. ते गप्प बसणंच सगळ्यात अवघड. व्हिडिओत ते कसं आणशील, मला कळत नाही.

हवं तेवढं वापर. माझं ते तुझंच.
तुझीच बुटकी

२० डिसेंबर

चि. बुटकीस, अ. उ. आ.

प्रकल्पात पहिली आले गं! तुझी शाळा चालवणाऱ्या संस्थेला माझे धडे इतके आवडले की सगळ्या शाळांत दाखवणार आहेत. मी तिथल्या तिथे परवानगीच्या कागदावर सही करून दिली. गडबडीत धड्यांच्या शेवटी तुझं नाव घालायचं राहून गेलं. पुढच्या खेपेला नक्की.

अशीच पाठीशी राहा.
ताई

४ एप्रिल

ति. ताईस, शि. सा. न.

मोठ्या बाईंनी बोलावून खुर्ची दिली, तेव्हाच समजलं. लहान शाळांत गणित आता पडद्यावर होणार, मदतनीस फक्त बटण दाबणार. माझी जागा रद्द. एकोणीस वर्षांची नोकरी, निरोप चार ओळींचा.

शेवटच्या दिवशी तुझा पहिला धडा लावला. मी मागच्या बाकावर बसले. माझ्याच घड्या, माझेच प्रश्न, फक्त हात तुझे. पाव मोठा म्हणणाऱ्या त्या मुलीने शंका विचारायला बोट वर केलं. तू बोलतच राहिलीस. बराच वेळ तिने बोट खाली घेतलं नाही. तास संपल्यावर मुलांनी मला विचारलं, की या नव्या बाई रोज येणार का. मी हो म्हटलं.

तुला ठाऊक होतं का, एवढंच कळव.
बुटकी

९ मे

चि. बुटकीस, अ. उ. आ.

नव्हतं ठाऊक. पण सही करताना मी विचारलंही नाही, हे खरं.

काल संस्थेच्या अध्यक्षांकडे गेले. धडे बंद करा, बहिणीला परत घ्या, असं हात जोडून सांगितलं. त्यांनी माझी सही पुढे ठेवली. म्हणाले, तुम्ही इतकं छान शिकवता की दुसरं कुणी लागतच नाही. ते माझं कौतुक करत होते.

अभ्यासक्रमाचा शेवटचा निबंध होता, ‘माझी वाढ’. मी लिहिलं की कापायला, जोडायला, प्रकाश लावायला इथे शिकले. मूल कुठे अडतं, हे धाकट्या बहिणीने शिकवलं; तिचं नाव मी घातलं नाही, आणि माझ्या कामाने तिचा वर्ग गेला. सरांनी पैकीच्या पैकी गुण दिले. शेरा मारला, अत्यंत प्रांजळ. तो वाचून मी टेबलावर डोकं टेकून रडले.

माझ्याकडे राहायला ये. निदान पदवीच्या दिवशी तरी ये. मला शिव्या दे, पण ये.
ताई

२८ जून

ति. ताईस, शि. सा. न.

चष्म्याच्या दुकानात लागले आहे. लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावते. मालक सज्जन आहेत. गुडघा बरा.

तू मुद्दाम केलं नाहीस, हे मला कळतं. पण शाळेवरून जाताना खिडकीतून तुझा आवाज येतो आणि मी रस्ता ओलांडते. लहानपणापासून ज्या आवाजाने मला धीर दिला, तोच आता ऐकवत नाही. याचं काय करू, तूच सांग. नाही, सांगू नकोस. सध्या पत्रही नको.

पदवीला मी येणार नाही. साडी चांगली नेस, फोटो काढून घे.

लोभ आहे, ताई. तो पुन्हा दिसायला मात्र किती दिवस लागतील, ते मला सांगता येत नाही.
धाकटी